धवलेरीचे गाणे आणि पालघटाचा चौक

वारली चित्र आता कपावर, साडीवर, भेटकार्डावर पोहोचले आहे. ज्या गाण्याच्या सोबतीने ते भिंतीवर उतरत आले, ते गाणे मात्र मागेच राहिले. पामपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात वारल्यांचे लग्न परंपरेने लावते ती धवलेरी. पोथी नाही, संस्कृत मंत्र नाहीत. या बाईचे गाणे हाच विधी.

सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’, आणि हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कारण धवलेरी गाण्यातून देवांना नावानिशी बोलावते आणि बायकांचे हात जणू तेच भिंतीवर उतरवून घेतात. मधोमध पालघट देवी. पाल्याने, वनस्पतीने ओसंडणारा घट असा या नावाचा अर्थ सांगतात. म्हणजे नवरीची कूस, पिकलेले शेत आणि भरलेले मडके ही एकच गोष्ट झाली. बाजूला घोड्यावरचा पंचशिऱ्या; त्याच्या अंगातून पिकाची कणसे फुटलेली असतात. धान्य ही वारल्यांची कणसरी, साक्षात देवी. चौकाच्या रेघांत तिला जागा मिळाल्याशिवाय लग्न पुरे कसे व्हावे?

या भरलेपणाची किंमत कोण मोजत होते, हे मात्र गाण्यातून कळत नाही. त्यासाठी गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) वाचावे लागते. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहायचे, ही ‘लग्नगडी’ची वेठ. समृद्धीच्या देवीला आवतण द्यायचे आणि त्याच लग्नापायी स्वतः गहाण पडायचे! १९४५च्या वारली उठावाने ही वेठ मोडली. चौकाच्या अभ्यासात हे प्रकरण सहसा येत नाही, याचे मला नवल वाटते.

१९७०च्या दशकात चित्र कागदावर आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले, २०११मध्ये पद्मश्री झाले. ते योग्यच झाले. पण कागदावर पुरुषांनी विधीबाहेरची चित्रे रंगवली. चौक लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांची नावे कोणी विचारली नाहीत. २०१४मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. धवलेरीचा आवाज त्या कागदपत्रांत मावणारा नव्हे; तो तिच्या गळ्यात आहे, आणि तिच्याशेजारी बसून ऐकणाऱ्या मुलींच्या कानात.