कागदाच्या घडीतून जपानी

व्यापारी कुटुंबात प्रत्येक विद्या ‘उपयोग काय?’ या कसोटीवर पारखली जाते. निवृत्तीनंतर मी जपानी शिकू लागलो, तेव्हा घरातून हाच प्रश्न आला. मला ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालण्याच्या कलेवरील, जपानी पुस्तके मुळातून वाचायची होती. ‘ओरु’ म्हणजे घडी घालणे, ‘कामी’ म्हणजे कागद. डोंगरासारखी वर येणारी घडी ‘यामा-ओरी’, दरीसारखी आत जाणारी ‘तानी-ओरी’. हात घडी शिकतो, त्याच वेळी शब्दही पाठ होतो.

ही भाषा सर्वस्वी परकी नाही. हिरागाना लिपीत ४६ मूळ अक्षरे आहेत. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न हा त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेची आठवण करून देतो. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो प्रभाव जपानला पोहोचला. क्रियापदही मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. कांजी ही चिनी अक्षरे मात्र चिकाटी मागतात.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकण्याची सोय आहे. नातवंडांना गुणांसाठी शिकावे लागते. ज्येष्ठांना केवळ आनंदासाठी शिकण्याची मुभा आहे. चौरस कागद, एक वही आणि रोजचा अर्धा तास, एवढे भांडवल आरंभास पुरते.