थोड्या आज्ञा कीं पुष्कळ?

मागच्या आठवड्यांत आमच्या दोघां नातवांत वाद जुंपला. एक म्हणे 'सिस्क' जातीचा प्रोसेसर चांगला. दुसरा म्हणे 'रिस्क' जातीचा. मी पडलों संस्कृताचा जुना शिक्षक. दोघांकडून विषय समजून घेतला, थोडें वाचलें, आणि ध्यानांत आलें कीं हा प्रश्न आपल्याला अगदींच परका नाहीं.

प्रोसेसर हा संगणकांतील आज्ञाधारक सेवक होय. त्याला ठराविक आज्ञाच कळतात. त्या किती असाव्या व किती भारी असाव्या, हाच वादाचा विषय. पूर्वीं संगणकाची स्मृति, म्हणजे मेमरी, फार महाग होती. म्हणून थोडक्यांत पुष्कळ सांगणारी आज्ञा हवीशी वाटे. १९७७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या व्हॅक्स या यंत्रास बहुपदीची किंमत काढण्याची एक स्वतंत्र आज्ञाच होती. ही सिस्क पद्धति. आपल्या सूत्रग्रंथांसारखीच ही गोष्ट. सूत्र लहान, पण वृत्तीवांचून तें उलगडत नाहीं. या यंत्रांच्या पोटांतही मायक्रोकोड नांवाची वृत्ति असते. भारी आज्ञा आली कीं ती लहान पायऱ्यांत फोडावी लागते, आणि त्यांत वेळ जातो.

पुढें आय.बी.एम. कंपनींतील जॉन कॉक यांच्या मंडळीला दिसून आलें कीं, प्रत्यक्ष कामांत साध्या आज्ञाच पुनःपुन्हां येतात; भारी आज्ञांची गरज क्वचित् पडते. १९८० च्या सुमारास बर्कले येथें डेव्हिड पॅटरसन व स्टॅनफर्ड येथें जॉन हेनेसी यांनीं हाच विचार पुढें नेला. आज्ञा थोड्या, साध्या व एकाच लांबीच्या ठेवल्या. मेमरींतून आणणें व तींत ठेवणें यांसाठीं वेगळ्या आज्ञा, बाकीचें गणित जवळच्या रजिस्टरांत. यालाच रिस्क म्हणतात. पंगतींत भात वाढणारा पुढें सरकला कीं मागून वरण येतें, त्यामागून तूप. प्रत्येकाचें काम सारखें असेल तरच पंगत अडत नाहीं. तसेंच येथें, एक आज्ञा चालू असतां दुसरी वाचली जाते. मात्र श्रम नाहींसे झाले नाहींत. प्रोग्रॅम लांबला, आणि आज्ञांची नीट मांडणी करण्याचा भार कंपायलरवर पडला.

मग जिंकलें कोण? १९७८ च्या इंटेल ८०८६ पासून चालत आलेल्या घराण्यासाठीं इतके प्रोग्रॅम लिहिले गेले होते कीं तें टाकून देणें अशक्य झालें. म्हणून १९९५ च्या पेंटियम प्रो मध्यें बाहेरून जुन्याच आज्ञा घेऊन आंत त्यांचे साधे तुकडे करण्याची युक्ति योजली. इकडे १९८५ सालीं इंग्लंडांतील एकॉर्न कंपनींत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं सिद्ध केलेल्या आर्म या रिस्क घराण्यानें, थोड्या विजेवर चालत असल्यामुळें, मोबाइल फोन व्यापून टाकले. बर्कले येथें २०१० सालीं आरंभ झालेल्या 'रिस्क-फाइव्ह' या सर्वांस खुल्या आज्ञासंचावरच मद्रासच्या आय.आय.टी.नें 'शक्ति' प्रोसेसर उभारला आहे.

नातवांना मीं इतकेंच सांगितलें, "बाबांनो, एकाच्या मेजावर एक घराणें आहे, दुसऱ्याच्या खिशांत दुसरें." जुन्या व्यवस्थेस त्या काळचें कारण होतें, म्हणून तिला हंसूं नये, आणि तें कारण उरलें आहे कीं नाहीं, हें मोजून पाहिल्यावांचून तिला कवटाळूंही नये. घरालाही हाच न्याय लागू आहे.