सुटका झाली, पण जमिनीचे काय?

वेठीने राबणाऱ्याच्या हातून शेती सुधारत नसते. रशियातील एका विद्वानाने 1855 साली एका टिपणात हेच लिहिले. त्यांचे नाव कॉन्स्टँटिन काव्हेलिन. घराणे सरदारांचे, पण अभ्यास कायद्याचा आणि इतिहासाचा.

तेव्हा रशियात सुमारे 2 कोटी 30 लाख माणसे जमीनदारांची भूदास होती. मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडायचे नाही, लग्नही करायचे नाही. 1797 च्या फर्मानात आठवड्याचे तीन दिवस मालकाच्या शेतावर काम धरले होते. पण ऐन सुगीत ते पाळतो कोण? मालकाचे पीक आधी निघायचे, भूदासाचे शेतात झडायचे.

काव्हेलिन यांचे म्हणणे तीन कलमांत सांगता येईल. भूदासांना पूर्ण मोकळे करा. ते कसत असलेली जमीन त्यांच्याकडेच ठेवा, नाहीतर मोकळा झालेला माणूस भूमिहीन मजूर होईल. आणि मालकांना मोबदला द्या. या टिपणाच्या हस्तलिखित प्रती हातोहात फिरल्या. 1858 मध्ये त्यातला भाग मासिकात छापून आला आणि युवराजांचे शिक्षक असलेल्या काव्हेलिन यांची ती नेमणूक गेली.

1861 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांची सुटका केली. जमीनही दिली, पण पुष्कळ ठिकाणी पूर्वीच्या वहिवाटीतला तुकडा कापून मालकाकडे ठेवला. आता किमतीचा हिशेब बघा. वर्षाचा खंड 6 रूबल असेल, तर जमिनीची किंमत 100 रूबल धरली. त्यातले 80 पर्यंत सरकारने मालकाला दिले. ते शेतकऱ्याने दरसाल 4 रूबल 80 कोपेक याप्रमाणे 49 वर्षे फेडायचे. म्हणजे 80 चे झाले 235! बऱ्याच भागांत ही किंमत बाजारभावापेक्षा जास्त होती. थकबाकी साचत गेली. शेवटी 1905 च्या उठावानंतर, 1907 पासून, हे हप्ते बंद झाले.

जमिनीशिवाय सुटका अपुरी, हे काव्हेलिन यांनी बरोबर ओळखले होते. पण मोबदल्याचा बोजा कसणाऱ्यावरच पडला. म्हणून जमीनवाटपाचा कायदा कुठल्याही देशाचा असो, वाचताना तीन गोष्टी आधी बघाव्यात : क्षेत्र किती, किंमत कशी ठरवली आणि हप्ते किती वर्षांचे.