स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरची पारख केवळ वॅटवर नको
चेन्नई : येथील अण्णा सलईलगतच्या रिची स्ट्रीट या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घरगुती वापराचे स्वस्त पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. मात्र, खोक्यावरील वॅटचा मोठा आकडा ही उत्तम आवाजाची हमी नसते.

‘पीएमपीओ’ या आकड्याला प्रमाणित व्याख्या नाही. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’वरून कळते. तीही किती विरूपणासह मोजली आहे, हे पाहावे लागते. अनेक स्वस्त ‘क्लास-डी’ संचांत असणाऱ्या ‘टीपीए ३११६’ या चिपची प्रत्येक वाहिनीमागे ५० वॅटची क्षमता २१ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विरूपण गृहीत धरून सांगितलेली आहे. इतक्या विरूपणात गायकाचा स्वर आणि मृदंगाचा नाद फाटलेला ऐकू येतो.

शक्ती दुप्पट झाली तरी आवाजाची पातळी अवघ्या ३ डेसिबलने वाढते. शिवाय, किंचित मोठ्याने वाजणारा संच कानाला सरस भासतो. त्यामुळे तुलना करताना गाणे, स्पीकर आणि आवाजाची पातळी समान ठेवणे आवश्यक ठरते. विरूपण १ टक्क्याच्या आत असताना किती वॅट मिळतात, हे खरेदीपूर्वी विचारून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे.