बारा तास, एक खोली आणि एक भाजीवाला



जनावरांची वैरण झाली, धारा निघाल्या, की संध्याकाळी सारे घर टीव्हीपुढे बसते. गुन्ह्याच्या मालिका तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या आवडीच्या. १९८५ सालचा ‘करमचंद’ ज्यांनी ऐन उमेदीत पाहिला ते आता आजोबा झाले. पुढे १९९८ मध्ये ‘सीआयडी’ आली. मुडदा सापडायचा, दार फुटायचे, गुन्हेगार घडाघडा कबूल व्हायचा आणि आपण निवांत जेवायला उठायचो. आज ज्या भागाविषयी सांगणार आहे, त्यात यातले काहीच घडत नाही.

मालिका अमेरिकेतली, नाव ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’. बाल्टिमोर शहरात खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांची ही गोष्ट. तिचा ‘थ्री मेन अँड अडीना’ हा भाग मार्च १९९३ मध्ये दाखवला गेला. अडीना ही अकरा वर्षांची मुलगी. तिचा खून झाला आहे. संशय आहे रिस्ली टकर या म्हाताऱ्या फेरीवाल्यावर. बाल्टिमोरमध्ये घोडागाडीवर फळे-भाजी घेऊन, आरोळ्या देत गल्लोगल्ली फिरणारे कृष्णवर्णीय विक्रेते असत. त्यांना तिथे ‘अरॅबर’ म्हणतात. असे थोडे लोक आजही तिथे उरले आहेत. टकर त्यांच्यापैकीच एक. आपला माल डोक्यावर नाहीतर हातगाडीवर विकणाऱ्यांना हा माणूस परका वाटणार नाही.

जवळजवळ सगळा भाग चौकशीच्या एकाच खोलीत घडतो. टेबल, खुर्च्या आणि तीन माणसे. पोलिसांच्या हातात बारा तास. टिम बेलिस हा खात्यात नवा, ही त्याची पहिलीच केस, आणि टकरनेच खून केला याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. जोडीदार फ्रँक पेंबलटन मुरलेला, गोड बोलून माणसाला बोलते करणारा. दोघे कधी चुचकारतात, कधी दरडावतात. टिमचा तर तोलच सुटतो. म्हातारा थकतो, रडतो, पण गुन्हा कबूल करीत नाही. उलट फ्रँकलाच सुनावतो, की तू आपल्याच गरीब जातभाईंना कमी लेखतोस. शेवटी शेवटी त्या पोरीवर आपला किती जीव होता हे तो सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही माया म्हणायची की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मोझेस गन या नटाने हे काम केले; त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

बारा तास संपतात, टकरला सोडावे लागते. गंमत अशी, की आता फ्रँकला वाटते हाच खुनी, आणि टिमची खात्री पार उडून गेलेली असते!

मला विचाराल तर इथे नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे ती प्रश्न विचारण्याची रीत. उत्तर मनात धरून प्रश्न केला की हवे तेच ऐकू येते. आम्हा कृषी खात्याच्या माणसांनाही ही खोड आहे. बांधावर जाऊन ‘बीजप्रक्रिया केली होती ना?’ म्हटले, की शेतकरी ‘हो साहेब’ म्हणणारच. त्याऐवजी ‘पेरणीच्या दिवशी सकाळपासून काय काय केले ते सांगा’ म्हटले, की बियाणे पोत्यातून थेट चाड्यात गेल्याचे आपोआप बाहेर येते.

जाता जाता एक कामाची माहिती. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्यात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसेच आहे. अटक केल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मालिका पाहून पाहून आपल्या पोरांना कबुली म्हणजेच निकाल वाटू लागले आहे, म्हणून हे सांगितले.

हा भाग टॉम फोंटाना यांनी लिहिला. त्या लेखनाला १९९३ चा एमी पुरस्कार मिळाला. मालिकेचा आधार होते डेव्हिड सायमन या बातमीदाराचे पुस्तक. १९८८ चे अख्खे वर्ष त्यांनी बाल्टिमोरच्या खून तपास पथकासोबत काढले होते. त्या वर्षी तिथे खरोखरच एका लहान मुलीचा खून झाला होता, आणि तो कोणी केला ते सिद्ध झाले नाही. मालिका १९९९ पर्यंत चालली, पण तिच्यातही अडीनाचा खुनी सापडला नाही आणि टिमच्या मनातून ती पोर गेली नाही.

पाहायला मिळाला तर लहान मुलांना झोपवून मगच पाहा. थोरल्या मुलामुलींना मात्र शेजारी बसवा, आणि संपल्यावर त्यांना काय वाटले ते आधी त्यांनाच बोलू द्या.