‘स्लेव्ह’मागचे स्लाव

इंग्रजीत स्लेव्ह, जर्मनमध्ये स्क्लाव्ह, फ्रेंचमध्ये एस्क्लाव्ह, इटालियनमध्ये स्कियाव्हो. गुलामासाठीचा हा शब्द पश्चिम युरोपभर चालतो आणि तो स्लाव या लोकांच्या नावावरून आला आहे. पोलिश, झेक, सर्ब, रशियन हे सारे स्लावच. यावरून हे लोक मुळातच दास्यात जगणारे होते असे कोणी म्हणेल, तर ते साफ चूक आहे. त्यांनी स्वतःला दिलेले नाव जुने आहे आणि बहुतेक अभ्यासक ते ‘स्लोव्हो’ म्हणजे ‘शब्द’ याच्याशी जोडतात: ज्यांचे बोलणे कळते ते आपले. जर्मनांना त्यांनी दिलेले नावही ‘मुका’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे.

हे नाव गुलामाला चिकटवले ते बाजाराने. रोमनांचा गुलामासाठीचा शब्द ‘सेर्वुस’. मध्ययुगात त्याचा अर्थ जमिनीला बांधलेला शेतकरी असा होत गेला, आणि खरेदी-विक्रीच्या माणसाला वेगळे नाव लागू लागले. दहाव्या शतकात जर्मन राजांनी एल्बे नदीपलीकडच्या स्लावांवर स्वाऱ्या केल्या. त्यातले बहुतेक अजून ख्रिस्ती झालेले नव्हते, त्यामुळे त्यांना विकायला धर्माची आडकाठी कमी होती. पकडलेली माणसे मुस्लिम स्पेनपर्यंत जात. तिथे अरबीत त्यांना ‘सकालिबा’ म्हणत, तेही स्लाव याच नावाचे रूप. क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड याने त्याच शतकात नोंदवले आहे, की व्हर्दाँचे व्यापारी मुलांना खोजे करून स्पेनला विकतात आणि अमाप नफा कमावतात. शब्दकोशातल्या एका ओळीमागे ही पोरे उभी आहेत, हे विसरता कामा नये.

लूट या अर्थाच्या ग्रीक क्रियापदातून हा शब्द आला, असेही एक मत आहे. ते पटत नाही, कारण लोकांचे नाव म्हणून तो सहाव्या शतकापासून आढळतो आणि गुलाम हा अर्थ बराच नंतर येतो. दुसरा आक्षेप असा, की सगळेच गुलाम काही स्लाव नव्हते. हे खरेच आहे. जिनोव्हाच्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या विक्रीपत्रांत या शब्दापुढे ‘तार्तार वंशाची’ असे वेगळे लिहावे लागे. म्हणजे तोवर तो लोकांचे नाव उरला नव्हता, मालाचे नाव झाला होता. रशियन भाषेत मात्र गुलामाला आजही ‘राब’ म्हणतात.