प्रीमियर पद्मिनीचे इंजिन : पुनर्बांधणी आणि शक्तिमापन

प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या बॉनेटखाली असलेल्या १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची मूळ आखणी इटलीतील तुरिन येथे फियाट कंपनीत झाली आणि १९३७ साली बाजारात आलेल्या फियाट ५०८ सी या गाडीत या आखणीचे इंजिन प्रथम धावू लागले. सिलिंडरचा ६८ मिलिमीटर व्यास आणि पिस्टनचा ७५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत कापतो ते अंतर, ही त्याची दोन मूलभूत मापे १९५३ च्या फियाट ११०० मध्ये कायम राहिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार केलेल्या फियाट ११०० डिलाइटमध्येही तीच उतरली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नाव बनली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमानुसार टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. आता ती हौशी संग्राहकांच्या आणि जुन्या कुटुंबांच्या हाती उरली असून तिचे इंजिन नव्याने बांधणे हा जतनाचा प्रश्न झाला आहे.

हे इंजिन इतकी वर्षे टिकले याचे मुख्य कारण असे की ते पुन्हा पुन्हा उघडता येते. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो मुख्य ठोकळा, ओतीव लोखंडाचा आहे आणि त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असून तो साखळीने फिरतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्या साहाय्याने हेडमधील व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार आहे. यांतील झिजणारा जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग घासून, कोरून किंवा बदलून पुन्हा मापात आणता येतो. पुनर्बांधणीचे मर्म याच मापात आहे. स्वच्छ केलेले, रंगवलेले आणि चालू होणारे इंजिन नीट बांधलेले असेलच असे नाही. ते तसे आहे हे बांधणीच्या वेळी घेतलेल्या मापांवरून आणि अखेरीस शक्तिमापनाच्या चाचणीवरून ठरते.

इंजिन खोलल्यावर पहिले काम धुण्याचे आणि दुसरे मोजण्याचे असते. सिलिंडर वर्षानुवर्षे झिजतो तेव्हा तो सर्वत्र सारखा झिजत नाही: पिस्टनच्या रिंगा जिथे माथ्याला थांबून उलट फिरतात आणि जिथे उष्णता व दाब सर्वाधिक असून तेल सर्वांत कमी पोहोचते, तिथे झीज सर्वाधिक होते, आणि पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या तिरकसपणामुळे ज्या बाजूंना रेटला जातो त्या बाजूंना भोक लंबगोल होत जाते. म्हणून बोअर गेज या उपकरणाने प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा लागतो. झीज मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर यंत्रावर मोठा कोरून त्यात ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून थोडे मोठे पिस्टन बसवतात. व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर इंजिनाची क्षमता १०८९ वरून सुमारे ११०५ घन सेंटिमीटर होते. ही वाढ जेमतेम दीड टक्का आहे, त्यामुळे बोअर केल्याने गाडीची ताकद वाढते हा समज निराधार ठरतो. बोअर केल्यानंतर जी ताकद जाणवते ती बहुतांशी गळून जाणारा दाब पुन्हा धरला गेल्यामुळे परत आलेली असते.

कोरलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंग करतात, म्हणजे घर्षक दगडांनी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी उमटवतात. या रेषांत तेल धरून राहते आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून भिंतीशी जुळून बसतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत डोळ्याला सुंदर दिसली तरी तिच्यावर रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल खात राहते. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने तपासली जाते. ६८ मिलिमीटरच्या सिलिंडरसाठी ही फट साधारणपणे पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ती याहून फार कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडून रिंग मोडते, आणि जास्त असेल तर जळालेले वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात.

क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांच्या बाबतीत प्रश्न मिलिमीटरच्या शतांशांचा असतो. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारा गोल भाग, आणि बेअरिंगची वाटी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकेल एवढीच जागा हवी असते. ती मोजण्याची एक सोपी व विश्वसनीय रीत अशी की, मऊ प्लॅस्टिकचा ठरावीक जाडीचा बारीक धागा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवायचा, वरची कॅप टॉर्क रेंचने ठरलेल्या ताकदीने आवळायची, क्रँक जराही न फिरवता कॅप पुन्हा उघडायची आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते त्याच्या वेष्टनावरील मोजपट्टीशी ताडून पाहायचे. धागा जितका रुंद, तितकी जागा कमी. आणि पट्टी एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद झाली तर जर्नल शंकूसारखा झिजला आहे हेही तत्क्षणी कळते. असा जर्नल ग्राइंडिंग करून लहान करतात आणि त्याला जुळणाऱ्या जाड वाट्या घालतात.

ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते, म्हणून त्याची सपाटी सरळ पट्टी व फीलर गेजने पाहून गरजेपुरतीच प्लेन करावी लागते. अधिक घासले तर ज्वलनकक्ष लहान होऊन कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन नॉकिंग करू लागते, म्हणजे मिश्रण अनियंत्रित पेटून ठोके देऊ लागते. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर सर्व बाजूंनी सारखे टेकतात की नाही हे लॅपिंग करून, म्हणजे घर्षक लेप लावून सीटवर घासून, तपासले जाते, आणि हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळले जातात. इंजिन सुरू झाल्यावर लगेच त्याच्याकडून पूर्ण काम घेतले जात नाही. रनिंग-इनच्या काळात भार आणि वेग सतत बदलता ठेवून रिंगा बसू दिल्या जातात, तेल बदलले जाते आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह व रॉकर यांच्यामधील, फट पुन्हा लावली जाते.

यानंतर शक्तिमापनाची पाळी येते. इंजिन थेट शक्ती दाखवत नाही. ते टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर देते, आणि शक्ती त्या जोरावरून व फिरण्याच्या वेगावरून काढावी लागते. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने फिरत्या दांड्याला घर्षणाने अडवून त्याचा जोर तराजूवर तोलण्याची युक्ती वापरली, आणि १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने घर्षणाऐवजी पाण्याचा विरोध वापरणारा डायनॅमोमीटर तयार केला. आजच्या चाचणीकक्षातही तत्त्व तेच आहे: इंजिनाला पाण्याच्या किंवा विद्युतचुंबकीय ब्रेकने अडवायचे, ब्रेकचे कवच फिरू पाहते तो रेटा ठरावीक लांबीच्या भुजेवर मोजायचा आणि त्यातून टॉर्क काढायचा. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. पद्मिनीसाठी ४८०० फेऱ्यांना सुमारे ४० अश्वशक्ती हा आकडा प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ असा की त्या वेगाला इंजिनाने सुमारे ५९ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायला हवा.

हा आकडा पारखताना तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. पहिली गोष्ट हवेची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी असतो, आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनात शिरणारी हवाही जवळजवळ तितकीच कमी होते. त्यामुळे मुंबईत ४० अश्वशक्ती देणारे निर्दोष इंजिन पुण्यात ३७-३८ च्या आसपास दाखवील. म्हणूनच मोजलेला आकडा २५ अंश सेल्सियस तापमान आणि ठरावीक दाब अशा प्रमाण स्थितीला सुधारून सांगण्याचे मानक असते. दुसरी गोष्ट इंजिनावर काय जोडले होते याची. जुन्या काळातील सकल मापनात पंखा, एअर क्लीनर आणि सायलेन्सर काढलेले असत आणि निव्वळ मापनात ते जोडलेले असतात. अमेरिकी मोटार उद्योग १९७२ च्या सुमारास सकल आकड्यांवरून निव्वळ आकड्यांकडे वळला तेव्हा त्याच इंजिनांची जाहीर शक्ती कागदावर बरीच खाली आली. तिसरी गोष्ट मापनाच्या जागेची. गाडी रोलरवर चढवून चाकांपाशी मोजलेल्या शक्तीत गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टायर यांतील नुकसान वजा झालेले असते. त्यात ठोकळ पंधरा-वीस टक्के मिळवून इंजिनाची शक्ती सांगण्याची प्रथा सोयीची असली तरी प्रमाण मानण्याजोगी नाही, कारण हे नुकसान तेलाच्या तापमानानुसार, टायरमधील हवेनुसार आणि वेगानुसार बदलते.

या कारणांमुळे जाणता तंत्रज्ञ सर्वोच्च आकड्यापेक्षा आलेखाला महत्त्व देतो. कमी वेगापासून चढत जाऊन मध्यम वेगाला शिखर गाठणारा आणि नंतर हळूहळू उतरणारा टॉर्कचा वक्र निरोगी इंजिनाची खूण असतो. सर्व वेगांना टॉर्क सारख्या प्रमाणात कमी पडत असेल तर कॉम्प्रेशन किंवा इग्निशनच्या टायमिंगकडे संशय जातो. फक्त वरच्या वेगाला कमी पडत असेल तर थकलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा, अडलेले जेट किंवा चोंदलेला सायलेन्सर तपासावा लागतो. टायमिंग थोडे थोडे पुढे घेत टॉर्क वाढायचा थांबतो तो बिंदू शोधणे, आणि पूर्ण थ्रॉटलला हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण साडेबारा-तेरास एक यांच्या जवळ आहे का हे धुरातील प्राणवायूवरून पाहणे, या दोन गोष्टी रस्त्यावर अंदाजाने होतात आणि डायनॅमोमीटरवर निश्चित होतात.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत या साऱ्या नोंदींना आणखी एक महत्त्व आहे. प्रत्येक वेळी बोअर करताना आणि जर्नल घासताना ब्लॉक व क्रँक यांतील थोडा धातू कायमचा जातो, आणि कुर्ल्यातील उत्पादन थांबल्यामुळे उरलेले ब्लॉक मोजकेच आहेत. ब्लॉकला स्लीव्ह घालून मूळ व्यासावर आणता येते, परंतु त्यालाही भिंतीच्या जाडीची मर्यादा असते. म्हणून सिलिंडरांचे व जर्नलांचे शेवटचे माप, वापरलेल्या पिस्टनांची साइझ, बेअरिंगमधील जागा आणि हवामानाच्या नोंदीसह शक्तीचा आलेख, असा कागद ज्या इंजिनासोबत मालकाच्या हाती पडतो, त्याचीच पुनर्बांधणी पूर्ण झाली असे म्हणावे लागेल. वीस-तीस वर्षांनी ते इंजिन पुन्हा खोलणाऱ्या मिस्त्रीला किती धातू उरला आहे आणि किती ताकद अपेक्षित धरायची हे त्या कागदावरून कळेल, आणि त्याला विनाकारण घासकाम करावे लागणार नाही.